नोंदींतील अनाहूत रिकाम्या जागा आणि रुग्णाचा शोध

अभ्यासलेख : वैद्यकीय अभिलेख विभाग

वार्षिक अहवालात एखाद्या आजाराविषयी अथवा उपचारपद्धतीविषयी अभ्यासलेख देण्याची आपल्या रुग्णालयाची प्रथा आहे. या वर्षी विश्वस्त मंडळाच्या अनुमतीने आम्ही निराळा विषय निवडला आहे. तो वैद्यकशास्त्राच्या पुस्तकात सापडणार नाही. तरी रुग्णाच्या जिवाशी त्याचा संबंध आहे. संगणकाच्या कळफलकावरील सर्वांत लांब कळ दाबली असता पडद्यावर काहीच उमटत नाही, केवळ दोन शब्दांत अंतर पडते. ही 'स्पेस', म्हणजे रिकामी जागा, नको तेथे पडली तर काय घडते आणि ती हुडकण्यासाठी आमच्या विभागाने काय केले, याचा हा वृत्तान्त आहे. वाचकांच्या सोयीसाठी लेखात जेथे रिकामी जागा दाखवायची आहे तेथे ▢ हे चिन्ह वापरले आहे.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यातील एका रात्री सत्तरीच्या घरातील एका बाईंना त्यांच्या मुलाने तातडीच्या विभागात आणले. पायाला जुनी जखम, गुडघ्यापर्यंत चढलेली सूज आणि अंगात फणफणून ताप. मुलाने सांगितले की आई पूर्वी येथेच दाखल होती. त्या वेळी कसल्याशा इंजेक्शनाने अंगभर गांधी उठल्या होत्या आणि धाप लागली होती. इंजेक्शनाचे नाव त्याला आठवत नव्हते. जुना केसपेपर घर बदलताना गहाळ झाला होता. नोंदणी खिडकीवरील कर्मचाऱ्याने आडनाव टाकून शोध घेतला. 'नोंद आढळली नाही' असे उत्तर आले. त्याने स्पेलिंग बदलून पाहिले, पतीच्या नावाने पाहिले; उत्तर तेच. अखेर नवा क्रमांक देऊन नवा केसपेपर काढण्यात आला.

कर्तव्यावरील डॉक्टरांनी मुलाच्या सांगण्याचे गांभीर्य ओळखून पेनिसिलीन गटातील औषध थांबवून ठेवले आणि रेकॉर्ड रूममध्ये निरोप धाडला. तेथील सेवकाने जुनी हस्तलिखित रजिस्टरे काढून बोटाने एकेक ओळ तपासली आणि बाईंचे नाव शोधून काढले. त्या क्रमांकाची फाइल फडताळातून खाली आली, तेव्हा तिच्या वेष्टनावर लाल शाईने पेनिसिलीनचा इशारा लिहिलेला होता. त्या रात्री अनर्थ टळला तो संगणकामुळे नव्हे, हे येथे स्पष्टपणे नमूद करणे आम्हास उचित वाटते.

दुसऱ्या दिवशी क्रमांकावरून शोध घेतला असता बाईंची नोंद संगणकातही होती असे दिसून आले. इशारा होता, पत्ता होता, सर्व काही होते. केवळ आडनावाच्या रकान्यात पहिल्या अक्षरापूर्वी कोणाकडून तरी एक रिकामी जागा पडली होती.

माणसाचा डोळा अशी जागा ओलांडून पुढे जातो. संगणकाला मात्र रिकामी जागा म्हणजे 'काही नाही' नव्हे. त्याच्या लेखी तेही एक अक्षरच. प्रत्येक अक्षराला संगणकात एक क्रमांक असतो. १९६३ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या 'आस्की' या संकेतावलीत रिकाम्या जागेचा क्रमांक ३२ आहे, आणि आजच्या युनिकोडमध्येही तो तोच आहे. समजा, एखाद्या रुग्णाचे आडनाव 'जाधव' आहे. नोंदणी खिडकीवर 'जाध' एवढे टाकले की त्या अक्षरांनी आरंभ होणारी नावे पडद्यावर येतात. परंतु '▢जाधव' हे नाव 'जा'ने आरंभच होत नाही, ते ३२ क्रमांकाच्या अक्षराने आरंभ होते. त्यामुळे शोध घेणारा आणि नोंद एकाच दालनात असूनही त्यांची भेट होत नाही. आमच्या प्रणालीत वर्णानुक्रमे यादी काढली की अशी सारी नावे 'अ'च्याही आधी, अगदी वर येऊन बसत. हे टोळके अनेक कर्मचाऱ्यांनी पाहिले होते. संगणकाची खोड म्हणून सर्वांनी ते सोडून दिले, यात विभागप्रमुख म्हणून प्रस्तुत लेखकही आलाच.

शब्दापूर्वी पडलेली जागा शोध बिघडवते, तर शब्दानंतर पडलेली जागा बहुधा हिशेब बिघडवते. तिची कथा थोडी जुनी आहे. यांत्रिक नोंदींचा आरंभ भोके पाडलेल्या कार्डांपासून झाला. १९२८ साली आयबीएम कंपनीने आणलेल्या कार्डावर ८० स्तंभ असत. नावासाठी वीस स्तंभ राखले आणि नाव आठच अक्षरांचे निघाले, तर उरलेले बारा स्तंभ कोरे राहत. हीच रीत पुढे संगणकाच्या डेटाबेसमध्ये उतरली. आपल्याकडे नव्वदच्या दशकात अनेक कार्यालयांत व रुग्णालयांत वापरात असलेल्या फॉक्सप्रोमध्ये अक्षरांचा रकाना ठरावीक लांबीचा असे आणि नाव संपल्यावर उरलेली लांबी रिकाम्या जागांनी भरली जाई. त्या काळी त्याने काही बिघडत नव्हते, कारण सर्वच नावांना तशी शेपटी होती. पुढे नवी प्रणाली आली, जुन्या नोंदी तीत ओतल्या गेल्या, आणि जेथे शेपटी कापायची राहिली तेथे ती तशीच चिकटून आली.

यातून उद्भवलेला एक प्रसंग देणगीदारांनी अवश्य जाणून घ्यावा. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी व दहा टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवावयाच्या असतात, आणि एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. म्हणजे कोणत्या गटातील किती रुग्णांवर उपचार झाले, ही गणना आपल्यासाठी कायद्याची आणि सचोटीचीही बाब आहे. पूर्वी हा गट कर्मचारी हाताने टंकित करीत. एका वर्षी गटवार तक्ता छापला असता त्यात 'निर्धन' हा गट दोनदा आला. एका ओळीत 'निर्धन' होते, दुसरीत 'निर्धन▢'. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. तक्ता तपासणाऱ्या सद्गृहस्थांनी दुसरी ओळ छपाईची चूक समजून पेन्सिलीने खोडली. लेखापरीक्षणात बेरीज जुळेना तेव्हा ती ओळ पुन्हा जिवंत झाली. ती तशीच राहिली असती, तर विनामूल्य उपचार घेतलेले कितीतरी रुग्ण आपल्या अहवालातून नाहीसे झाले असते.

देणग्यांच्या नोंदींतही असेच घडते. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून न्यासांना देणगीदारांची नावे व पॅन यांचे वार्षिक विवरण प्राप्तिकर विभागास सादर करावे लागू लागले. पॅन हा दहा अक्षरांचा: पाच अक्षरे, चार अंक, पुन्हा एक अक्षर. त्याच्या शेवटी एक रिकामी जागा चिकटली की तो अकरा अक्षरांचा होतो, आणि एकाच दात्याच्या दोन देणग्या दोन निरनिराळ्या व्यक्तींच्या नावे मांडल्या जातात. ज्या दात्यांना पूर्वी एकाऐवजी दोन आभारपत्रे गेली, त्यांनी ती आमच्या आपुलकीची खूण समजावी. खरे कारण हे आहे.

येथे कोणी विचारील की संगणकाला एवढीही समज का देत नाहीत? दिली आहे, परंतु सर्वत्र सारखी नाही, आणि घोटाळा त्यातूनच वाढतो. डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या 'एसक्यूएल' या भाषेच्या १९९२ च्या मानकात असा नियम आहे की दोन शब्दांची तुलना करताना आखूड शब्दाला शेवटी रिकाम्या जागा जोडून लांबी समान करावी. मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर हा नियम पाळतो. तेथे 'निर्धन' आणि 'निर्धन▢' समान ठरतात. पण त्याच सर्व्हरवर 'लाइक' या शब्दाने, म्हणजे नमुना देऊन शोध घेतला, तर नमुन्याच्या शेवटची जागा मोजली जाते. पोस्टग्रेसमध्ये व ओरॅकलमध्ये बदलत्या लांबीच्या रकान्यातील शेवटची जागा साध्या तुलनेतही मोजली जाते, ठरावीक लांबीच्या रकान्यात मात्र नाही. मायएसक्यूएलच्या जुन्या आवृत्त्या ती दुर्लक्षित करीत. २०१८ साली आलेल्या ८.० या आवृत्तीपासून तेथील मूळ तुलनापद्धत बदलली आणि ती मोजली जाऊ लागली. म्हणजे ज्या संस्थेने एका प्रणालीवरून दुसरीवर स्थलांतर केले, तिच्या नोंदींत एका अक्षराचाही फरक न पडता शोधाची उत्तरे बदलू शकतात. शब्दापूर्वीच्या जागेला मात्र यांपैकी कोणीही क्षमा करीत नाही.

उपाय सोपा वाटतो. 'ट्रिम' नावाची आज्ञा शब्दाच्या दोन्ही टोकांच्या रिकाम्या जागा कापून टाकते. आम्ही प्रथम तेच केले, आणि काम फत्ते झाले असे समजून बसलो. महिन्याभरात दोन नव्या तक्रारी आल्या.

पहिली तक्रार आरोग्य शिबिरांच्या याद्यांविषयी होती. गावोगावच्या नेत्रशिबिरांतील नावे स्वयंसेवक एक्सेलमध्ये लिहून पाठवीत आणि त्या याद्या तशाच आमच्या प्रणालीत घेतल्या जात. त्यांतील काही नावे ट्रिम करूनही सापडेनात. तपासाअंती कळले की रिकामी जागा एकाच प्रकारची नसते. ओळ तुटू नये म्हणून वापरली जाणारी एक चिकट जागा असते. तिचा क्रमांक १६०. ती दिसायला ३२ सारखीच, पण साधी ट्रिम आज्ञा तिला ओळखत नाही. एक्सेलमधील ट्रिमही तिला काढत नाही. संकेतस्थळावरून मजकूर उचलून चिकटवला की ती बरोबर येते. याखेरीज टॅबची खूण असते, ओळ संपल्याची खूण असते. या साऱ्यांना आधी साध्या जागेत बदलावे लागते, त्यानंतरच ट्रिमचा उपयोग होतो.

दुसरी तक्रार खास मराठीतली आहे, आणि आमच्या मते या लेखातील सर्वांत उद्बोधक. कुऱ्हाडे आणि कऱ्हाडे या आडनावांचे रुग्ण कधी सापडत, कधी नाही. रिकामी जागा तर कोठेच नव्हती. आपल्या भाषेत रफार आणि चंद्रकोरीसारखा अर्धा र यांत भेद आहे. 'आचार्यांना' वंदन करावे आणि 'आचाऱ्यांना' जेवणाची पाने किती ते सांगावे. हा दुसरा र संगणकात दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत नुक्ता असलेला ऱ व हलन्त वापरतात. दुसऱ्या रीतीत साधा र, हलन्त आणि त्यानंतर शून्य रुंदीचे एक जोडचिन्ह घालतात. युनिकोडने पहिली रीत मुख्य मानली असून जुन्या मजकुराशी मेळ राहावा म्हणून दुसरीही मान्य ठेवली आहे. 'कुऱ्हाडे' आणि 'कुर्‍हाडे' ही नावे एका खाली एक लिहिली तर भिंगातूनही फरक दिसणार नाही. संगणकाला मात्र ती दोन भिन्न माणसे वाटतात. आमच्या दोन कर्मचाऱ्यांचे कळफलक निराळे होते, एवढेच कारण.

शून्य रुंदीचे ते चिन्ह म्हणजे जिला रुंदीही नाही अशी रिकामी जागाच म्हणावी. ते सरसकट पुसून टाकावे असे प्रथम वाटले. पण तसे केले की अर्धा र रफार होतो आणि 'कुर्हाडे' असे तिसरेच नाव जन्माला येते. म्हणून आधी दुसऱ्या रीतीचे सर्व र पहिल्या रीतीत आणावयाचे, आणि मगच उरलेली अदृश्य चिन्हे शोधापुरती बाजूला काढावयाची, असा क्रम ठरवला. हा क्रम चुकला तर दुरुस्तीच नवी चूक करते.

नावाच्या मधोमध पडलेल्या जागांबाबत अधिक सावधगिरी लागते. दोन शब्दांत दोन-तीन जागा पडल्या असतील तर त्यांची एक करणे निर्धोक आहे. पण एकच जागा असेल तर ती काढावी का? 'आनंदी बाई' आणि 'आनंदीबाई', 'राम चंद्र' आणि 'रामचंद्र' ही एकच व्यक्ती असू शकते, नसूही शकते. एकाच घरातील सासू-सुना वा चुलतभाऊ अशा नावांचे निघाल्याची उदाहरणे आमच्यासमोर आहेत. आम्ही यंत्राला दोन शब्द जोडण्याचा अधिकार दिलेला नाही. अशा जोड्यांची यादी यंत्राने काढावी आणि निर्णय माणसाने घ्यावा, असे ठरले. एका रुग्णाचे दोन केसपेपर असणे वाईटच. पण दोन रुग्णांचा एक केसपेपर होणे, एकाचा रक्तगट दुसऱ्याच्या नावे लागणे, हे त्याहून कितीतरी भयंकर. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली रुग्णसुरक्षेसाठी सुचवलेल्या उपायांत रुग्णाची ओळख किमान दोन खुणांनी पटवावी असे सांगितले आहे. आम्ही नोंदी एकत्र करताना नाव, जन्मतारीख, पत्ता व जुन्या फाइलीतील मजकूर हे सारे जुळल्याविना सही करीत नाही. त्यामुळे काम संथ चालते, आणि ते तसेच चालावे असे आमचे मत आहे.

ॲलर्जीच्या रकान्याविषयी दोन शब्द अधिक लिहिणे भाग आहे. हा रकाना भरल्याविना पुढचे पान उघडू नये अशी व्यवस्था आम्ही मोठ्या अभिमानाने केली होती, आणि जवळजवळ सर्व रुग्णांचा रकाना भरलेला असल्याचे दिसत असे. शोध घेतला तेव्हा अनेक नोंदींत त्या रकान्यात फक्त एक रिकामी जागा आढळली. रात्री तीन रुग्ण एकदम आलेले, बेशुद्ध रुग्णाला विचारणार काय, आणि पान तर पुढे जात नाही. परिचारिकांनी लांब कळ एकदा दाबून मार्ग काढला होता. यंत्राच्या लेखी रकाना भरला. वाचणाऱ्याच्या लेखी तो कोरा, म्हणजे जणू ॲलर्जी नाही. या प्रकारात परिचारिकांचा दोष आम्ही मानत नाही. खरे उत्तर लिहिण्याची सोय न ठेवता उत्तराची सक्ती आम्हीच केली होती. आता तेथे टंकलेखनाऐवजी निवड आहे: ज्ञात ॲलर्जी नाही, विचारता आले नाही, किंवा आहे आणि कशाची. 'विचारता आले नाही' असे असेल तर दुसऱ्या दिवशीच्या फेरीत ते नाव पुन्हा समोर येते. निर्धन व दुर्बल घटकांच्या गटासाठीही हीच निवडपद्धती लागू केली आहे. जेथे शब्द निवडता येतो तेथे तो टंकित करू देऊ नये, हा धडा ट्रिमपेक्षा मोलाचा ठरला.

शोध घेताना प्रत्येक वेळी सर्व नोंदी ट्रिम करून पाहणे शक्य असते, पण नोंदी वाढल्या की तसा शोध मंदावतो, कारण डेटाबेसची नेहमीची अनुक्रमणिका मूळ अक्षरांवर बांधलेली असते, कापलेल्या अक्षरांवर नव्हे. त्यामुळे आम्ही नावाचा रकाना रुग्णाने सांगितला तसा ठेवला आहे आणि त्याच्या जोडीला शोधासाठी एक वेगळा, स्वच्छ केलेला रकाना राखला आहे. नोंद होतानाच तो आपोआप तयार होतो आणि अनुक्रमणिका त्यावर चालते. शोधणाऱ्याने टाकलेले नावही त्याच चाळणीतून जाते. अंकांच्या बाबतीत तर ही चाळणी अत्यावश्यक आहे. आधार कार्डावर बारा अंक चार-चारच्या तीन गटांत छापलेले असतात आणि चौदा अंकी आभा क्रमांक आडव्या रेघांनी तोडून लिहितात. लोक जसे छापले तसेच सांगतात व टंकित करतात. त्यात चूक काहीच नाही. अंकांखेरीज बाकी सारे गाळून घेणे हे आमच्या यंत्राचे काम आहे.

रुग्णांच्या नातेवाइकांना आमची एक विनंती आहे. जुना केसपेपर अथवा डिस्चार्ज कार्ड कितीही फाटके असले तरी बरोबर आणावे. त्यावरील क्रमांक नावापेक्षा भरवशाचा असतो. 'पूर्वी आलो होतो' असे आपण म्हणालात आणि खिडकीवरून 'नोंद नाही' असे उत्तर आले, तर कृपया तेथेच थांबावे आणि रेकॉर्ड रूममध्ये विचारणा करण्याचा आग्रह धरावा. आपल्या आग्रहाचा कोणालाही राग येणार नाही, अशा सूचना दिलेल्या आहेत.

हस्तलिखित रजिस्टरे रद्दीत काढून जागा मोकळी करावी, असा प्रस्ताव मध्यंतरी आला होता. त्या रात्रीच्या घटनेनंतर विश्वस्त मंडळाने तो बाजूला ठेवला. वाळवीपासून बचावासाठी त्या खोलीला लोखंडी मांडण्या बसवण्यात आल्या आहेत. बाईंच्या दोन्ही फाइली आता जुन्या क्रमांकाखाली एकत्र बांधलेल्या असून नव्या क्रमांकाने शोध घेतला तरी संगणक जुन्याच नोंदीकडे नेतो. त्या बऱ्या होऊन घरी गेल्या, तेव्हा त्यांच्या मुलाने नव्या कार्डावरील आडनाव दोनदा वाचून पाहिले होते.